एक फरशी आत

८ नोव्हेंबर १९९३

ही डायरी गेल्या वर्षीची. ह्यांच्या पेढीवर कुणा गूळवाल्यानं भेट दिलेली, कोरीच पडून होती. छापील तारखा खोडून मी माझ्या घालते आहे. लिहायचं कारण म्हणजे आज घरात एक मूल आलं आहे, आणि त्याबद्दल ह्यांच्याशी बोलायला गेलं की हे "बघू" म्हणतात. आमचा सगळा संसार या एका "बघू"वर उभा आहे.

किल्लारीकडच्या भूकंपात ज्यांचं मागं कुणीच राहिलं नाही अशी काही मुलं काल कोल्हापुरात आणली. आमच्या महिला मंडळानं आणि लिंगायत समाजातल्या चार लोकांनी मिळून समिती केली आहे. शिवप्रसादकाका अध्यक्ष. हेडमास्तर होते, निवृत्त होऊनही समोरच्याला बाकावर बसवल्यासारखेच बोलतात. ठरलं असं की ज्याला जमेल त्यानं एकेक मूल उन्हाळ्यापर्यंत सांभाळायचं आणि तोवर समितीनं त्यांना कायमची घरं बघायची. मी सगळ्यांत आधी हात वर केला. आमची सुष्मिता सासरी गेल्यापासून घर खायला उठतं.

मुलीचं नाव महादेवी. नऊ वर्षांची असेल. आपल्यातलीच आहे, उमरग्याकडची, थोडं कानडी थोडं मराठी. दिवसभरात तिनं तोंड उघडलं ते जेवायला. झोपायची वेळ झाल्यावर गुपचूप चादर उचलली आणि स्वयंपाकघरातून मागच्या परसात गेली, धुण्याच्या दगडाशेजारी आडवी झाली. मी म्हटलं, "अगं थंडी आहे, आत ये." तिनं बोट वर करून छत दाखवलं.

"पडंल," म्हणाली.

मग मीही माझं अंथरूण परसात टाकलं. हे दारात येऊन बघत राहिले. "आता ह्या वयात अंगणात झोपायचं व्हय?"

मी म्हटलं, "तुम्ही झोपा की आत. पडलंच तर तुमच्या अंगावर पडू दे."

१४ नोव्हेंबर

दिवाळी. पहाटे गल्लीत कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. महादेवी उटण्याच्या पाटावर बसली होती. अंगाला तेल लावलेलं, डोळ्यांत उटणं गेलेलं, तशीच उठून पळाली ती थेट कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत. ह्यांनी धोतर सावरत तिच्यामागं पळत जाऊन तिला उचलून आणलं. गल्लीतली पोरं हसली. हे त्या पोरांना असं काही बोलले की ते मी इथं लिहिणार नाही.

संध्याकाळी हे पेढीवरनं येताना फुलबाज्या घेऊन आले, आवाज न होणाऱ्या. बघू म्हणणारा माणूस.

३ डिसेंबर

मागच्या आठवड्यात मला एक युक्ती सुचली. आमच्या घरात मागल्या परसापासून पुढच्या सोप्यापर्यंत शहाबादी फरशी आहे. महादेवीला सांगितलं, आपण अंथरूण रोज एक फरशी आत घ्यायचं. एकच. भीती वाटली तर दुसऱ्या दिवशी तिथंच थांबायचं, मागं मात्र जायचं नाही. तिनं विचार केला आणि मान हलवली. परस झालं, मागची पडवी आली. परवा स्वयंपाकघराचा उंबरा. तिथं आम्ही दोन दिवस अडलो.

उंबऱ्यावर डोकं ठेवून झोपली असताना तिनं आपण होऊन सांगितलं. त्यांचं घर धाब्याचं, वर हातभर माती. ती लघवीला उठून बाहेर आली होती. "अव्वा म्हणली, लवकर ये गं. मी लवकर आले न्हाई." एवढंच बोलली. मी तिला वाकळ पांघरली, माझ्या जुन्या साड्यांची, तिच्यासाठीच शिवते आहे, अजून दोन बाजूंचं दोऱ्याचं काम राहिलं आहे.

२७ डिसेंबर

महादेवी मधल्या खोलीत झोपली! माझ्या शेजारी, छताच्या बरोबर खाली. मागचं दार उघडं ठेवायची अट आहे, त्यामुळे मांजरानं दुधाचं पातेलं चाटलं, चाटू दे.

सकाळी उठून मला म्हणाली, "अव्वा, पडलं न्हाई." मी चुलीकडं तोंड केलं. डोळ्यांत धूर गेला असं सांगितलं. आमच्याकडं गॅस आहे हे तिच्या लक्षात आलं नसावं.

३० डिसेंबर

समितीच्या बैठकीत माझं फार कौतुक झालं. बाकीच्या घरांतही मुलं आत झोपत नाहीत म्हणून बायका कंटाळल्या होत्या. एक तर म्हणाली, आमच्याकडची पोरगी नुसती हट्टी आहे. शिवप्रसादकाकांनी मला उभं करून बोलायला लावलं. मी चांगलं बोलले असं सगळे म्हणाले. मी सांगितलं, ही मुलं छताला भितात, तो हट्ट नाही. मूल बाहेर झोपलं तर त्याला रागावू नका, ओढून आत नेऊ नका, त्याच्या कलानं घ्या. काकांनी ते सगळ्या घरांना कळवायचं ठरवलं. ज्यांनी मुलं कायमची घ्यायची तयारी दाखवली आहे त्यांनाही.

आता कुठंही गेले की लोक मला विचारतात. परवा भाजी घेताना एकीनं थांबवून विचारलं. आवडलं, खोटं कशाला बोलू.

९ जानेवारी १९९४

सुष्मिता बाळंतपणाला आली. आठवा लागला आहे. पाय सुजले आहेत. तिला मधल्या खोलीशिवाय दुसरी जागा नाही, पुढच्या सोप्यात गार वारा आणि येणारी-जाणारी माणसं. महादेवीला म्हटलं, "चार दिवस सोप्यात झोपशील का? आक्काला आता खोली लागणार." माझं बोलणं संपायच्या आत तिनं वाकळेची घडी केली आणि उचलून नेली. किती शहाणं पोर. सुष्मिता तिच्या वयाची असताना फरशीवर पाय आपटून रडली असती.

सुष्मिताला तिनं मला अव्वा म्हटलेलं रुचलं नाही. हसत हसत म्हणाली, "ही तुझी आई कधीपासनं झाली गं?" महादेवीनं त्यानंतर मला कसलीच हाक मारली नाही. लाजली असेल.

१२ जानेवारी

भीती परत आली आहे. सकाळी बघितलं तर महादेवी सोप्यात नव्हती, परसात धुण्याच्या दगडाशेजारी झोपली होती. इतके दिवस घेऊन आत आणली आणि एका झटक्यात मागं. मी उगीच घाई केली. भूकंप एवढ्यात जात नाही मनातून.

२४ जानेवारी

ह्यांची धाकटी बहीण, अंबूवन्सं, बिद्रीच्या पुढं मळ्यात राहतात. आज त्या आणि त्यांचे यजमान आण्णा आले होते. वन्सं म्हणाल्या, "वयनी, ती पोर आमाला द्या की. दोन्ही पोरींची लग्नं झाली, पोरगा शिकायला पुण्याला. घरात दूध हाय, धान्य हाय, बोलाय माणूस न्हाय."

मला देवानंच पाठवल्यासारखं वाटलं. मी आता पन्नाशीकडं झुकले. सुष्मिताचं बाळ येणार, त्याचं करायचं की हिचं? आणि वन्सं म्हणजे परकं घर थोडंच आहे. ह्यांना विचारलं तर अर्थातच "बघू". मग थोड्या वेळानं म्हणाले, "पोरीला इचारलंस काय?"

नऊ वर्षांच्या पोरीला काय विचारायचं? तरी विचारलं. "आत्याकडं जाशील? म्हशी आहेत, दूध आहे." तिनं विचारलं, "आक्का तितं येनार हाय का?" मी म्हटलं, "नाही गं, आक्का इथंच." मग ती "जाते" म्हणाली. तिला सुष्मिताचा लळा लागलेला दिसतो.

३० जानेवारी

आज लिंगदीक्षा झाली. जंगमस्वामींनी महादेवीच्या गळ्यात लिंग बांधलं, मी चांदीची डबी करून घेतली होती. अंबूवन्संनी सगळ्यांसमोर तिला मांडीवर घेतलं. शिवप्रसादकाका म्हणाले, "लिंग बांधलं म्हंजे आता ही तुमच्या घरची झाली. समितीची काळजी मिटली." त्याहून मोठी खात्री ती कोणती? अंगावर लिंग बांधून आपलं म्हटलेलं मूल कुणी टाकत नाही. निदान आपल्यात तरी.

जाताना वन्संना मी फरशीची युक्ती नीट समजावून सांगितली. वाकळ द्यायची राहिली. दोऱ्याचं काम अजून पुरं नाही.

आज स्वयंपाकात दोनदा मीठ पडलं.

१७ मार्च

सुष्मिताला मुलगा झाला, आज बारसं. यशराज नाव ठेवलं. घर माणसांनी फुललं होतं. अंबूवन्सं महादेवीला घेऊन सकाळीच आल्या. पोरगी उंच झाल्यासारखी वाटली, की वाळल्यामुळे तशी दिसते कोण जाणे. केस बारीक कापलेत. वन्सं म्हणाल्या, उवा झाल्या होत्या. दिवसभर तिनं भांडी घासली. कुणी सांगितलं नव्हतं, आपण होऊनच बसली. बायका म्हणाल्या, अंबूबाईंनी चांगलं वळण लावलंय.

मी विचारलं, "आत झोपते का गं आता?" उत्तर वन्संनी दिलं. "कुठलं वयनी! गोठ्याच्या कडंला झोपती. आत म्हणून येत न्हाय. भूकंपाचं भ्या." मी सगळ्या बायकांना परत ते सगळं समजावून सांगितलं. महादेवी परातीतला चिकटलेला शिरा नखानं काढून खात होती. मी ताट वाढून दिलं तर आधी वन्संकडं बघितलं.

जाताना तिनं एकच विचारलं, "बाळ मदल्या खोलीत झोपतंय?" मी म्हटलं, "हो, आक्काजवळ." ती "हं" म्हणाली. बाळाचा लळा!

वाकळ पुरी झाली होती, पण धांदलीत द्यायची राहून गेली.

३ जुलै

नीट लिहिते.

आज न कळवता बिद्रीच्या एस.टी.नं गेले. वाकळ द्यायची होती, आणि मनात काहीतरी टोचत होतं. फाट्यावर उतरून चिखलातनं मळ्यात पोचले तर घराला कुलूप. शेजारच्या बांधावर भांगलणारी विठाबाई म्हणाली, "मयताला गेल्यात सगळी. पोरगी हाय की गोठ्यात."

महादेवी म्हशीखालचं शेण काढत होती. मला बघून हसली नाही, हातातलं खोरं फक्त खाली ठेवलं. पाऊस वाढला. गोठ्याचं पत्र्याचं टोक गळत होतं, त्याच्याखाली तिचं अंथरूण, म्हणजे दोन पोती. पोत्याखाली भाकरीचा वाळका तुकडा. किल्ली कुठं ठेवतात ते मला माहीत होतं. कुलूप काढून म्हटलं, "चल आत, भिजशील. उंबऱ्याजवळ बस हवं तर."

तिनं विचारलं, "आत येऊ?"

पाय पुसले, दोनदा पुसले. आणि चालत गेली ती थेट आतल्या खोलीत, धान्याच्या पोत्यांशेजारी. मी वाकळ पसरली. ती आडवी झाली आणि झोपलीच. वर जुन्या तुळया, त्यावर माती, तिच्या गावच्या घरासारखंच जड छत. माझ्या हातातला तांब्या खाली पडला, केवढा आवाज झाला, तिनं नुसती कूस बदलली. दिवाळीच्या बॉम्बला गिरणीपर्यंत पळालेली पोर.

मी तिच्याशेजारी बसून राहिले. दंडावर काठीचे वळ होते, जुने आणि नवे. गळ्यात लिंग नव्हतं.

मंडळी परत आली तशी महादेवी दचकून उठली आणि पळत बाहेर गेली. वन्संनी वाकळ बघितली, मला बघितलं. मी लिंगाचं विचारलं. "शेणात-घाणीत पडंल म्हणून देव्हाऱ्यात ठिवलंय."

"आणि हे वळ?"

"वयनी, आमच्या पोरींनी काय मार खाल्ला न्हाय? मी न्हाय खाल्ला? म्हस दावं तोडून उसात गेली हिच्यामुळं."

मी म्हटलं, मी हिला घेऊन जाते. आण्णा शांतपणे म्हणाले, "समितीनं दिलीया आमाला. समिती सांगंल तसं." मी वाकळ तिथंच ठेवून आले. एकटीच आले.

४ जुलै

ह्यांना सगळं सांगितलं. हे खुर्चीत बसून ऐकत होते. मार म्हटल्यावर म्हणाले, "अंबू तशी तापटच हाय ल्हानपणापासनं." गोठा म्हटल्यावर म्हणाले, "पोरगीच बाहेर झोपती न्हवं?" भाकरीचा तुकडा सांगितला तेव्हा चष्मा पुसत राहिले. मग मी म्हटलं, गळ्यातलं लिंग काढून ठेवलंय.

हे ताडकन उठले. "काय? अंगावरचं लिंग काढलं?" चपला घालून तसेच शिवप्रसादकाकांकडं गेले.

५ जुलै

समितीची बैठक. मी गोठ्याचं सांगायला लागले तर काका म्हणाले, "अहो शिवगंगाबाई, तुम्हीच तर आम्हाला शिकवलंत, मूल बाहेर झोपलं तर ओढून आत नेऊ नका. अंबूबाईंनी तेच केलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, ती आत गाढ झोपली, मी बघितलं. काका म्हणाले, "एखाद्या दिवशी दमून झोपली असेल."

लिंगाचं मात्र ऐकून सगळे खवळले. उद्याच स्वामींना घेऊन जायचं ठरलं.

६ जुलै

दोन जीप भरून गेलो. स्वामींनी महादेवीच्या गळ्यात पुन्हा लिंग बांधलं. अंबूवन्संनी कान धरले, चुकलं म्हणाल्या. "परत न्हाय काढणार, शप्पत." मग जेवणं झाली. पुरणपोळी केली होती, कटाची आमटी फर्मास. पंगतीत महादेवी वाढत होती. लिंगाची डबी झग्यावर चमकत होती. हे मला म्हणाले, "झालं न्हवं तुझ्या मनासारखं?"

माझी वाकळ म्हशीच्या वासराखाली दिसली. परत येताना जीपमध्ये सगळे गप्पा मारत होते. मलाही थोडं हलकं वाटलं, हे लिहायला लाज वाटते.

१५ जुलै

बांधावरची विठाबाई बाजाराला कोल्हापुरात आली होती. पत्ता विचारत विचारत घरी आली. पाणीसुद्धा प्यायली नाही. "बाई, तुमी आलतासा त्या दिसापासनं लई मारती. म्हणती, तूच सांगितलंस. दोन दिस जेवाय न्हाय दिलं. मी भाकरी दिली ती बी हिसकून घेतली. माझं नाव सांगू नगा, मला त्येंच्याच बांधावर राबायचंय." आणि निघून गेली.

आम्ही पुरणपोळी खाऊन तिला तिथं ठेवून आलो.

१८ जुलै

ह्यांना न विचारता सरकारी कचेरीत गेले. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. अनाथ मुलांचं बघणाऱ्या अधिकारी घोरपडेबाई म्हणून आहेत, माझ्या सुष्मिताच्या वयाच्या. चार ठिकाणी चौकशी केल्यावर त्यांचं टेबल सापडलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सरकारला न कळवता मुलं घरोघरी वाटली कुणी?" मी म्हटलं, चांगली घरं बघून दिली. त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. मला राग आला होता. घरी येईपर्यंत तो कुठं गेला कळलं नाही.

तक्रारीखाली सही करताना पेन अडखळलं. विरुद्ध बाजूला माझ्या नणंदेचं नाव होतं.

२३ जुलै

घोरपडेबाईंनी पोलीस बाई घेऊन जाऊन महादेवीला आणलं. आधी सरकारी दवाखान्यात नेलं. मनगट मोडून वाकडं जुळलं आहे, कधी मोडलं कुणाला माहीत नाही. त्याच हातानं तिनं पंगतीत वाढलं होतं.

अंबूवन्संचा फोन आला. "दादाच्या घराण्यात पोलीस आणलासा वयनी. मी काय राक्षीण हाय? मी मागून न्हेली, पर दिली कुणी? तुमीच न्हवं?" आणि रडल्या. खोटं रडणं नव्हतं ते. हे माझ्याशी बोलत नाहीत. ताट समोर ठेवलं की जेवतात, उचलून ठेवतात, तेही आजवर कधी उचललं नव्हतं.

९ ऑगस्ट

आज बालकल्याण मंडळासमोर सुनावणी होती. मुलाला कुठं ठेवायचं ते हे मंडळ ठरवतं. टेबलामागं दोन बायका आणि एक वकील, इकडं मी, तिकडं वन्सं, आण्णा आणि त्यांचा वकील. महादेवीला मधे स्टुलावर बसवलं. पाय जमिनीला टेकत नव्हते.

आण्णांनी तेच सांगितलं, भूकंपाची भीती. आणि वर म्हणाले, "ह्या बाईंनीच सगळ्यांना सांगितलंतं." मी मान खाली घातली.

मंडळातल्या बाईंनी महादेवीला विचारलं, "बाळ, तू बाहेर का झोपायचीस? छताची भीती वाटते?"

"न्हाई."

"मग?"

"आत घरचे झोपतेत."

"असं तुला कुणी सांगितलं?"

तिनं खूप विचार केला. "कुनी न्हाई सांगितलं. मला म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"आक्का आली तवापासनं."

बाईंना वाटलं, आक्का म्हणजे वन्संच्या दोघींपैकी कुठली तरी माहेरी आलेली मुलगी. तसंच लिहून घेतलं त्यांनी. मला वाटलं उठून सांगावं. पण त्यानं प्रकरणात उगीच गोंधळ झाला असता, वन्संच्या वकिलाला आयतं कोलीत मिळालं असतं, आणि आता मुलीचं भलं होणं महत्त्वाचं. म्हणून बोलले नाही. सुष्मिता तर फक्त बाळंतपणाला आली होती. सगळ्यांच्याच मुली येतात.

मी तिला परत मागितली. मंडळानं नाही म्हटलं. "तुमच्याकडूनच ती तिकडं गेली ना?" मुलींच्या वसतिगृहात ठेवायचा हुकूम झाला. बाकीच्या मुलांच्या घरांचीही तपासणी होणार आहे. शिवप्रसादकाका बाहेरच्या बाकावर बसून होते, म्हातारे दिसले.

१२ ऑगस्ट

हे आज बोलले. जेवताना, मधेच. "आपल्याकडं व्हती तवा ती बरी व्हती न्हवं गं?"

मी म्हटलं, "होती की."

हे ताकभात कालवायला लागले.

१८ सप्टेंबर

वसतिगृहात जाऊन आले. रविवारी भेटू देतात. वाकळ वन्संच्या गोठ्यातनं विठाबाईनं गुपचूप आणून दिली होती, मी तीन वेळा धुतली, फाटलेल्या जागी सुष्मिताच्या लहानपणच्या परकराचं ठिगळ लावलं.

महादेवीला निळा झगा दिला आहे. गालावर थोडं मांस आलं आहे. अधीक्षक बाळाबाई म्हणाल्या, पहिल्या दिवशीच मोठ्या हॉलमध्ये सगळ्या मुलींच्या मधोमध झोपली, काही त्रास नाही. "हितं कुणाचीच आक्का येत न्हाय," बाळाबाई हसून म्हणाल्या. महादेवी त्यांना तसं म्हणाली म्हणे. त्यांना त्याचा अर्थ लागला नव्हता, मीही विचारत बसले नाही.

आम्ही चिंचेखाली बसलो. मी चिरमुऱ्याचे लाडू नेले होते. एक खाल्ला, एक झग्याच्या खिशात ठेवला. हात दाखवला, आता लिहिता येतं म्हणाली. मी म्हटलं, "दिवाळीला घरी येशील? बाळाबाई चार दिवस पाठवायला तयार आहेत. हे फुलबाज्या आणणार आहेत."

तिनं विचारलं, "कुठं झोपायचं?"

"आत. मधल्या खोलीत, माझ्याजवळ. दार उघडं ठेवू."

ती थोडा वेळ चिंचेचं पान मुडपत बसली. मग डोळे वर करून, अगदी साधेपणानं, मला अडचणीत आणायचं असं काही मनात न ठेवता म्हणाली,

"आन् आक्का आली की?"

सुष्मिता दिवाळीला येणार आहे. यशराजची पहिली दिवाळी, जावयांचं तसं पत्रही आलं आहे. मी लाडवांचा डबा बंद करायला लागले. तिनंही उत्तराची वाट बघितली नाही. वेळ संपल्याची घंटा झाली. तिनं वाकळ उलगडून बघितली, ठिगळावरून हात फिरवला, मग नीट चौकोनी घडी केली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"हितं देतेत पांगरून," म्हणाली. "बाळाला व्हईल ही."

आणि मुलींच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

रिक्षात वाकळ मांडीवर घेऊन आले. हे दारातच होते, म्हणाले, "आवडली काय पोरीला?" मी हो म्हटलं. बाळाला ती घालवत नाही माझ्याच्यानं. मधल्या खोलीत पसरायला गेले, तर तिथं सुष्मितासाठी काढलेल्या गाद्या रचून ठेवल्या आहेत. मग सोप्यातल्या खुर्चीवर ठेवली.

दिवाळीला अजून दीड महिना आहे. तोवर काहीतरी जागा करता येईल. बघू.